कार्ट्रिज बदलण्याआधी: सांडपाण्यातली प्रतिजैविके नेमकी कुठे हरवतात?

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते. शहरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात येणारे कच्चे पाणी आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडणारे पाणी, या दोन्हींत तुम्हाला नऊ प्रतिजैविके मोजायची आहेत: सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, डॉक्सीसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन. तुम्ही ५०० मिली पाणी गाळता, ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारे रसायन) घालता, पीएच २ वर आणता, २०० मिग्रॅच्या एचएलबी कार्ट्रिजमधून (पाण्यातले औषध धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या नळीतून) सोडता, मिथेनॉलने उतरवता, नायट्रोजनखाली पूर्ण सुकवता आणि १ मिलीमध्ये विरघळवून एलसी-एमएस/एमएसवर (स्तंभातून औषधे वेगळी करून त्यांचे आयन वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर) लावता. शुद्ध पाण्यात रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या औषधापैकी परत मोजले गेलेले प्रमाण, छान येते. कच्च्या सांडपाण्यात मात्र सल्फामेथॉक्साझोल ३८ टक्के, टेट्रासायक्लिन २२ टक्के, अझिथ्रोमायसिन कधी ३० तर कधी ९०, एरिथ्रोमायसिन जवळजवळ काहीच नाही आणि अमॉक्सिसिलिन शून्य. मग कोणते कार्ट्रिज घ्यावे, असे विचारता.

कार्ट्रिज आहे तेच ठेवा. एचएलबीचा पॉलिमर पाणी आणि तेल दोन्हींशी जमवून घेणारा आहे आणि तुमच्या यादीतली बहुतेक औषधे तो व्यवस्थित धरतो. तुमच्या पाच आकड्यांमागे पाच वेगळी कारणे आहेत आणि त्यांतल्या एकाही कारणावर नवे कार्ट्रिज हा उपाय नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असे या कामात फार वेळा होते. आधी पाणी कुठे मुरतेय ते शोधू.

त्यासाठी एक दिवस द्या आणि एकाच कच्च्या नमुन्याचे तीन भाग करा. पहिल्या भागात काहीही घालू नका. दुसऱ्यात काढणीच्या (पाण्यातून औषध वेगळे करण्याच्या) आधी ठरावीक मात्रा स्पाइक करा, म्हणजे मुद्दाम घाला. तिसरा भाग कोराच काढा आणि सगळे उरकल्यावर, शेवटच्या १ मिलीमध्ये, तीच मात्रा घाला. सोबत तेवढ्याच मात्रेचे साध्या द्रावकातले स्टँडर्ड चालवा. समजा, सल्फामेथॉक्साझोलसाठी द्रावकातल्या स्टँडर्डच्या शिखराचे क्षेत्रफळ, म्हणजे सिग्नल, १०,००० आले. काहीही न घातलेल्या पहिल्या भागाचे वजा केल्यावर तिसऱ्या भागाचे ४,५०० आणि दुसऱ्याचे ३,८०० आले. तुम्ही ३,८०० ला १०,००० ने भागून ३८ टक्के लिहिता. खरी काढणी मात्र ३,८०० भागिले ४,५००, म्हणजे ८४ टक्के आहे. औषध कार्ट्रिजवर बसले, उतरले, सुकवल्यावरही राहिले आणि कुपीत पोचलेसुद्धा. मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी सांडपाण्यातल्या बाकीच्या पदार्थांनी त्याचे आयन होऊ दिले नाहीत, म्हणून निम्म्याहून जास्त सिग्नल दबला. ही आयन सप्रेशनची गोष्ट आहे, काढणीची नव्हे.

टेट्रासायक्लिनचे चित्र वेगळे दिसेल असा माझा अंदाज आहे. समजा, तिथे तिसरा भाग ६,५०० दाखवतो आणि दुसरा २,२००. मग काढणी खरोखरच ३४ टक्क्यांवर आहे आणि औषध वाटेतच गेले आहे. दोन्ही आकडे वरवर सारखेच वाईट, पण पहिल्याचा इलाज कुपीत आणि दुसऱ्याचा बाटलीत. ही तीन भागांची चाचणी केल्याशिवाय पद्धतीत एकही बदल करू नका, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते.

स्पाइक किती घालायचा याकडेही लक्ष द्या. नमुन्यात मुळातच लिटरला २,००० नॅनोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन असेल आणि तुम्ही २०० घातले, तर मोजणीतली ५ टक्क्यांची साधी चूकच १०० नॅनोग्रॅमची होते, म्हणजे स्पाइकच्या निम्मी. अशा वेळी रिकव्हरी ५० येईल नाहीतर १५०, आणि दोन्ही निरर्थक. मूळ मात्रेच्या एक ते तीन पट घाला आणि घातल्यावर अर्धा तास तरी थांबा, म्हणजे औषध पाण्यातल्या घटकांशी जुळेल. शुद्ध पाण्यातल्या रिकव्हरीवरून एवढेच कळते की तुमचे हात नीट चालतात. त्या पाण्यात कॅल्शियम नाही, लोह नाही, ह्यूमिक आम्ले (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून येणारी) नाहीत, म्हणजे ज्यांच्याशी झगडायचे तेच नाहीत.

आता सप्रेशन. ५०० मिली कच्चे पाणी १ मिलीत आणणे म्हणजे औषधाबरोबर साबण, पित्ताम्ले, ह्यूमिक पदार्थ असे सगळेच ५०० पट घट्ट करणे. एवढी गरज आहे का, ते आकड्यांनी तपासा. बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन या संशोधकांनी २०१६ साली प्रतिरोधक जिवाणूंची निवड होऊ नये म्हणून सुचवलेल्या मर्यादांत सिप्रोफ्लॉक्सासिनची मर्यादा लिटरला ६४ नॅनोग्रॅम आहे. फक्त १०० मिली पाणी घेतले तरी त्यात ६.४ नॅनोग्रॅम औषध असते आणि ते १ मिलीत आले की मिलीलिटरला ६.४ नॅनोग्रॅम होते. कोणतेही बऱ्यापैकी ट्रिपल क्वाड (एमएस/एमएसचा नेहमीचा प्रकार) यंत्र हे आरामात मोजते. म्हणून कच्च्या पाण्याचे ५० ते १०० मिली आणि प्रक्रिया केलेल्याचे २०० ते २५० मिली पुरतात. ५०० मिली किंवा लिटर नदीच्या पाण्यासाठी राखून ठेवा. आकारमान पाचपटीने घटवले की तुमच्या सल्फामेथॉक्साझोलचा आकडा आपोआप वर येईल. यंत्र नवे आणि संवेदनशील असेल, तर कच्चे पाणी नुसते गाळून, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचे, औषधाचेच जड समस्थानिकाचे रूप) घालून, थेट ५० ते १०० मायक्रोलिटर सोडूनही काम भागते. काढणी हे साधन आहे. जिथे तिची गरज नाही तिथे ती टाळण्यात कमीपणा नाही.

टेट्रासायक्लिनवर जरा थांबते, कारण इथे रसायन समजले की निम्मे काम होते. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सीसायक्लिन कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम यांना घट्ट धरतात. धातूशी जोडलेला रेणू कार्ट्रिजवर नीट बसत नाही, बसला तर मिथेनॉलने सुटत नाही, आणि काचेच्या पृष्ठभागावरही चिकटतो. फ्लुरोक्विनोलोन, म्हणजे तुमची सिप्रो आणि ऑफ्लॉक्सासिन, हेच थोड्या कमी जोमाने करतात. म्हणून आपण ईडीटीए घालतो. पण किती? बहुतेक जण लिटरला १ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए घालतात, कारण सगळीकडे तसे लिहिलेले असते. हिशोब करून पाहा: १ ग्रॅम म्हणजे २.७ मिलिमोल. पाण्याची कठीणता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला ३०० मिग्रॅ असेल, तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच ३ मिलिमोल असतात. ईडीटीए तिथेच संपले. आधी कठीणता मोजा आणि मग ईडीटीएची मात्रा ठरवा. दहा मिनिटांचे टायट्रेशन आहे, ते टाळू नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. ईडीटीए आधी, पाणी मूळ पीएचला, म्हणजे ७ च्या आसपास असताना घाला आणि अर्धा ते एक तास ढवळत ठेवा. त्या पीएचला ते कॅल्शियमला जोरात धरते. त्यानंतर आम्ल. पीएच ३ ला ईडीटीएची कॅल्शियमवरची पकड ढिली होते, पण तोवर टेट्रासायक्लिनचीही झालेली असते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र ईडीटीएकडेच राहतात, आणि आपल्याला तेच हवे असते.

आणि पीएच २ नको, ३ वर थांबा. याचे एक कारण मी स्वतःच्या हातांनी शिकले आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी कच्च्या पाण्याचे बारा नमुने ईडीटीए घालून, पीएच २ करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी मॅनिफोल्डवर (कार्ट्रिज बसवून व्हॅक्यूमने पाणी ओढायच्या चौकटीवर) लावले. दहा मिनिटांत बाराही कार्ट्रिज थंडावली. थेंब पडेना. मी गाळ समजून व्हॅक्यूम वाढवत गेले. शेवटी एक कार्ट्रिज काढून उजेडात धरले, तर वरच्या पांढऱ्या चकतीवर बारीक चमकदार स्फटिकांचा थर साचला होता, बोटाने घासला तर कचकच करणारा. बाटलीच्या तळाशीही तेच. तो गाळ नव्हता, ईडीटीएच होते. त्याचे पूर्ण आम्ल रूप पाण्यात फार कमी विरघळते, खोलीच्या तापमानाला लिटरला साधारण अर्धा ग्रॅम, आणि थंडीत त्याहून कमी. लिटरला १ ग्रॅम डायसोडियम ईडीटीएपासून ते सुमारे ०.७८ ग्रॅम बनू शकते. पीएच ३ ला बरेचसे ईडीटीए विद्राव्य रूपात राहते. ते बारा नमुने मी टाकून दिले आणि नमुने घ्यायला पुन्हा गेले.

आम्ल घालताना आणखी दोन गोष्टी डोळ्यांनी दिसतात, त्या बघत जा. सांडपाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतो, त्यामुळे बुडबुडे येतात. तसेच पाणी लगेच कार्ट्रिजवर सोडले, तर बुडबुडे पॉलिमरच्या थरात अडकतात, पाणी एका बाजूने वाट काढते आणि औषध निसटते. पंधरा-वीस मिनिटे हलक्या हाताने ढवळा, फेस बसू द्या. दुसरे म्हणजे गाळून काचेसारखे स्वच्छ केलेले पाणी आम्ल घातल्यावर पुन्हा धुरकट, पिवळट होऊ शकते. ती ह्यूमिक आम्ले एकत्र येऊन साका धरतात. थोडा काचलोकरीचा बोळा कार्ट्रिजच्या तोंडाशी ठेवला की बरेचदा निभावते. साका जास्त असेल, तर एचएलबीच्या वर एक तीव्र ॲनायन विनिमयाचे कार्ट्रिज जोडा. पीएच ३ ला तुमची टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन धन भाराची असतात, ती त्यातून खाली निघून जातात आणि ऋण भाराचे ह्यूमिक पदार्थ वर अडकतात.

एरिथ्रोमायसिनचा घोळ पीएचमुळेच आहे. आम्लात ते पाण्याचा एक रेणू गमावते आणि त्याच्या आयनाचे वस्तुमान ७३४ वरून ७१६ वर येते. तुम्ही ७३४ वर नजर ठेवून बसलात आणि औषध ७१६ वर निघून गेले. पीएच २ ला हे तासाभराच्या आत होते. दोन मार्ग आहेत. एक, मुद्दाम पूर्ण रूपांतर होऊ द्या, स्टँडर्डलाही तशीच आम्ल-वागणूक द्या आणि निर्जलित रूप मोजून तसे स्पष्ट लिहा. दोन, एरिथ्रोमायसिनसाठी पाण्याचा वेगळा भाग ७ च्या आसपासच्या पीएचवर काढा. मी दुसरा मार्ग घेते, कारण त्याच भागात अझिथ्रोमायसिनही जास्त समाधानाने निघते. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००७ सालच्या १६९४ क्रमांकाच्या पद्धतीतही एकाच नमुन्याचे आम्ल आणि अल्कली असे दोन भाग वेगवेगळे काढतात. एकाच पीएचवर सगळी औषधे गोळा करण्याचा हट्ट त्या मोठ्या पद्धतीनेही धरलेला नाही, मग आपण तरी का धरावा?

अझिथ्रोमायसिनची कधी ३० तर कधी ९० ही चंचलता मला गाळणीकडे बोट दाखवणारी वाटते. या रेणूला दोन अमाइन गट आहेत, सांडपाण्याच्या पीएचला त्यावर धन भार असतो आणि गाळाच्या कणांचा पृष्ठभाग ऋण भाराचा असतो. ते कणांवर बसते, गाळणीवर बसते, काचेवरही बसते. ज्या दिवशी नमुन्यात गाळ जास्त त्या दिवशी रिकव्हरी कमी, एवढे साधे. तुमच्या नोंदवहीत निलंबित घनपदार्थांचे आकडे असतील, तर रिकव्हरीशेजारी लिहून पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिनही कणांवर भरपूर बसते. म्हणून गाळणीवरचा गाळ फेकू नका. गाळणी कागदासकट छोट्या नळीत घ्या, सिट्रेट-फॉस्फेट बफर, ईडीटीए आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये दोन-तीनदा पंधरा मिनिटे ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचे द्रावण पाण्याने इतके पातळ करा की मिथेनॉल ५ टक्क्यांच्या खाली येईल, आणि मग वेगळ्या कार्ट्रिजवर चढवा. विरघळलेला अंश आणि कणांवरचा अंश वेगळे मोजा आणि वेगळे लिहा. फक्त गाळलेले पाणी मोजून प्रक्रिया केंद्राने इतके अझिथ्रोमायसिन काढून टाकले असे म्हणणे चूक आहे. ते गाळात जाऊन बसलेले असते आणि तो गाळ पुढे कुठेतरी जातोच.

गाळणी काचतंतूची वापरा, ०.७ मायक्रोमीटरची. पाणी फार गढूळ असेल तर आधी जाड, मग बारीक. नायलॉन टाळा. शेवटी कुपीत भरताना वापरायची सिरिंज गाळणी कोणतीही असो, स्टँडर्डचे द्रावण तिच्यातून गाळून आणि न गाळता, दोन्ही चालवून पाहा. शंभरातले वीस तिथेच गेलेले मी पाहिले आहेत.

अमॉक्सिसिलिनबद्दल स्पष्ट सांगते: या पद्धतीतून ते काढून टाका. त्याच्या रेणूतले बीटा-लॅक्टम वलय पाण्यात, आम्लात, अल्कलीत, जिवाणूंच्या एन्झाइमांपुढे आणि मिथेनॉलमध्येही उघडते. तुम्ही त्याला आम्लात बुडवले, मिथेनॉलने उतरवले आणि गरम नायट्रोजनखाली सुकवले. त्यातून ते वाचले असते तरच नवल. शिवाय ते इतके पाण्यावेडे आहे की कार्ट्रिजवर त्याची पकडही ढिलीच. मोजायचेच असेल तर नमुना बर्फात आणा, त्याच दिवशी उदासीन पीएचला ठेवून थेट इंजेक्शनने मोजा. कार्ट्रिज लागलेच तर ॲसिटोनायट्राइलने उतरवा. एक सापळा लक्षात ठेवा: त्याचे डायकिटोपिपराझिन नावाचे विघटित रूप अगदी त्याच वस्तुमानाचे असते, म्हणून स्तंभावर दोन्ही शिखरे वेगळी झाल्याची खात्री केल्याशिवाय अमॉक्सिसिलिन सापडले असे लिहू नका. आणि सापडले नाही म्हणजे लोक ते घेत नाहीत, असाही अर्थ काढू नका.

नमुना बाटलीत असतानाचे नुकसान कोणत्याच रिकव्हरीत दिसत नाही, कारण स्पाइक तुम्ही नंतर घालता. म्हणून तिथे जास्त जपा. एका वेळी भरलेली बाटली त्या क्षणाचेच सांगते. जमेल तिथे २४ तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला मिश्र नमुना घ्या. उजेडात क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन तुटतात, म्हणून बाटली गडद रंगाची किंवा फॉइलमध्ये गुंडाळलेली हवी. टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोनसाठी मी पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्या वापरते. ४ अंशांवर ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत काढणी करा. त्या दिवशी यंत्र मोकळे नसेल तर पाणी साठवण्याऐवजी ते कार्ट्रिजवर चढवा, कार्ट्रिज सुकवा आणि तेच उणे २० अंशांवर ठेवा. कार्ट्रिजवरचे औषध बाटलीतल्यापेक्षा जास्त सुरक्षित असते.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन घातलेले असेल तर नमुना घेतानाच तो मारावा लागतो, नाहीतर सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम बाटलीतच क्लोरीनशी अभिक्रिया करत राहतात. मी त्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल घेते. थायोसल्फेटही चालते, पण नंतर आम्ल घातले की त्यातून गंधकाचा दुधट साका येऊ शकतो आणि कार्ट्रिज तुंबते. जिवाणू थांबवायला सोडियम अझाइड घालायचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. ज्या पाण्यात पुढे आम्ल घालायचे आहे त्यात अझाइड कधीही घालू नका. आम्लात त्यातून हायड्राझोइक आम्ल सुटते, ते अत्यंत विषारी आणि स्फोटक आहे. आणि कच्चे सांडपाणी हाताळताना हातमोजे, चष्मा, फ्यूमहूड यांत सवलत नको.

कार्ट्रिजच्या पायऱ्या तुम्ही ठीक करता, म्हणून फक्त जिथे बदलायचे तेवढे सांगते. ६ मिली मिथेनॉल, ६ मिली पाणी, मग पीएच ३ चे ६ मिली पाणी, आणि नमुना पोचेपर्यंत थर कोरडा पडू द्यायचा नाही. वेग मिनिटाला ३ ते ५ मिली. नंतर ५ टक्के मिथेनॉलच्या पाण्याने ६ मिली धुवा. ही पायरी तुमच्याकडे नाही आणि त्यामुळे ईडीटीए आणि क्षार तुमच्या कुपीत येतात, सप्रेशनमध्ये त्यांचाही वाटा असतो. व्हॅक्यूमखाली २० मिनिटे सुकवा. उतरवताना आधी ४ मिली साधे मिथेनॉल, मग ४ मिली २ टक्के फॉर्मिक आम्लाचे मिथेनॉल, आणि द्रावक थरात मिनिटभर मुरू द्या. उदासीन पीएचच्या भागाला मात्र साधे मिथेनॉलच दोनदा वापरा, नाहीतर एरिथ्रोमायसिनची पुन्हा तीच गत होईल.

औषध कार्ट्रिजमधून निसटते का, ही शंका मनात राहत असेल तर दोन कार्ट्रिज एकाखाली एक जोडून नमुना सोडा आणि खालचे वेगळे उतरवा. खालच्यात काही सापडले तरच मोठ्या कार्ट्रिजचा विचार करायचा.

पूर्ण सुकवणे आजपासून बंद. नळीच्या तळाशी पिवळसर डाग उरेपर्यंत तुम्ही नायट्रोजन सोडता. त्या डागात औषध काचेला आणि ह्यूमिक पदार्थांना धरून बसते, आणि त्यातले काही परत विरघळतच नाही. ३५ ते ४० अंशांवर, पृष्ठभागावर हलकीशी खळी पडेल एवढाच वायू सोडा आणि ०.२ मिली उरले की थांबा. मग ०.१ टक्का फॉर्मिक आम्लाच्या पाण्याने १ मिली करा. शेवटच्या कुपीत मिथेनॉल जास्त राहिले तर लवकर येणारी शिखरे पसरतात, सल्फामेथॉक्साझोलचे तर खांदे पडतात.

इंटर्नल स्टँडर्डबद्दल तुम्ही लिहिले आहे की सगळ्या नऊ औषधांसाठी एकच ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असलेले सल्फोनामाइड (सल्फामेथॉक्साझोलच्या गटातले औषध) वापरता. हे बदलावेच लागेल. सप्रेशन हे त्या त्या क्षणी स्तंभातून काय बाहेर पडतेय यावर अवलंबून असते. सातव्या मिनिटाला येणारे सल्फोनामाइड अकराव्या मिनिटाच्या अझिथ्रोमायसिनचे दुःख जाणत नाही. प्रत्येक गटाला निदान एक तरी स्वतःचे समस्थानिक स्टँडर्ड द्या, आणि जमले तर प्रत्येक औषधाला. कार्बन-१३ चे मिळाले तर ते ड्यूटेरियमपेक्षा बरे, कारण ड्यूटेरियमवाले कधीकधी जरासे आधी उतरते. गाळून झाल्याबरोबर, ईडीटीए आणि आम्लाच्या आधी घाला. गाळण्याआधी घातले तर ते जुन्या औषधासारखे कणांत मुरलेले नसते आणि गाळणीवरच्या नुकसानीचा चुकीचा हिशोब देते. इंटर्नल स्टँडर्ड सगळ्या चुका झाकते असे मात्र समजू नका. त्याचे स्वतःचे क्षेत्रफळ द्रावकातल्या स्टँडर्डच्या पावभागावर आले, की आकडा बरोबर दिसला तरी पद्धत आजारी आहे.

वजन करताना बाटलीवरचे लेबल वाचा. सिप्रोफ्लॉक्सासिन बहुधा हायड्रोक्लोराइड म्हणून येते आणि त्यात मूळ औषध सुमारे ९० टक्के असते. डॉक्सीसायक्लिन हायक्लेटमध्ये ते ८७ टक्क्यांच्या आसपास, अझिथ्रोमायसिन डायहायड्रेटमध्ये ९५. ही दुरुस्ती विसरली की १३ टक्क्यांपर्यंतची चूक कायमची पद्धतीत शिरते आणि कोणत्याही रिकव्हरीत दिसत नाही, कारण स्पाइकही त्याच बाटलीतला असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन साध्या मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही. थोडे फॉर्मिक आम्ल घाला, आणि द्रावण उजेडात धरून तळाशी तरंगणारे कण नाहीत ना ते पाहा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, की सल्फामेथॉक्साझोल बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्यापेक्षा जास्त सापडतेय, म्हणजे नमुने अदलाबदल झाले असावेत. तसे असेलच असे नाही. शरीरातून या औषधाचा मोठा भाग ॲसिटिल जोडलेल्या रूपात बाहेर पडतो आणि प्रक्रिया केंद्रातले जिवाणू तो ॲसिटिल गट काढून मूळ औषध परत मोकळे करतात. त्या रूपाचा आयन २९६ वर, त्याचा तुकडा १३४ वर मिळतो. तो तुमच्या यादीत जोडा. शिवाय कच्च्या पाण्यातले सप्रेशन जास्त असल्यामुळे आतला आकडा मुळातच कमी दिसत होता. आधी योग्य इंटर्नल स्टँडर्ड घालून तो सुधारा आणि मग दोन्ही रूपांची बेरीज करून आत-बाहेर तुलना करा.

आता उद्या सकाळी काय करायचे, तेवढे सांगते. कच्चे पाणी १०० मिलीचे तीन भाग, ईडीटीएची मात्रा कठीणतेप्रमाणे, पीएच ३, आणि वर सांगितलेली तीन भागांची चाचणी. शेजारी उदासीन पीएचचा तसाच संच, त्यात फक्त मॅक्रोलाइड, म्हणजे अझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन. दोन्ही संचांसोबत शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा, आणि यंत्रावर सर्वांत घट्ट स्टँडर्डनंतर द्रावकाची एक कोरी कुपी लावा, कारण सिप्रो आणि टेट्रासायक्लिन इंजेक्टरमध्ये मागे राहतात. कोऱ्या नमुन्यात शिखर दिसले तर बाकीचे आकडे तेवढ्यापुरते बाजूला ठेवा आणि आधी ते कुठून आले ते शोधा. निकाल आले की दोन्ही संचांची क्षेत्रफळे, टक्केवारी न काढता, कच्ची तशीच पाठवा. टेट्रासायक्लिन तरीही ५० टक्क्यांच्या खाली राहिले, तर नमुन्यातले लोह आणि ॲल्युमिनियम मोजून तो आकडाही सोबत लिहा.